शेंडेफळ, वय वर्षे बहात्तर

माणूस म्हातारा केव्हा होतो, हे ठरवण्याचा अधिकार सरकारला आहे. झालेला म्हातारा पुरेसा म्हातारा आहे की नाही, हे मात्र विरंगुळा केंद्र ठरवतं. या दोन खात्यांत समन्वय नसल्यामुळे मधल्यामध्ये बऱ्याच सभ्य माणसांचे हाल होतात. दैगू शहरातले प्यो ग्वांगशिक हे त्यांतलेच एक.

ग्वांगशिक एका सरकारी कचेरीतून खातेप्रमुख म्हणून निवृत्त झाले आणि लगेच घरच्या खात्याचा कार्यभार त्यांनी हाती घेतला. म्हणजे काय, तर फ्रीज उघडून किमचीच्या लोणच्याच्या डब्यांच्या मांडणीबद्दल सूचना करायचे. त्यांच्या पत्नी मालसुनबाईंनी ही सेवा अनेक वर्षं सहन केली. मग एका सकाळी नवऱ्याच्या हातात टोपी दिली.

"खाली आपल्या वसाहतीचं विरंगुळा केंद्र आहे."

"तिथे म्हातारे जातात."

"मग जाताना आरशात बघून जा."

ग्वांगशिक कोट चढवून गेले. आपल्या अनुभवाचा विचार करून केंद्र निदान चिटणीसपद तरी देऊ करेल, असा त्यांचा अंदाज होता. आधी नको म्हणायचं आणि मग घ्यायचं, एवढं भाषण तयार होतं. दारातच केंद्राध्यक्ष बांग पिलदोंग भेटले. वय चौऱ्याण्णव.

"वय काय तुझं?"

"बहात्तर."

बांगदादांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आरोळी ठोकली, "अगं बुनरे, पोरगा मिळाला!"

(इथून पुढे ग्वांगशिक यांना 'तो' म्हणावं लागेल. केंद्राचा तसा नियम आहे.)

केंद्राची घटना साधी आहे. दुपारी सगळे एकत्र जेवतात आणि वयाने सर्वांत लहान असलेला सभासद भांडी घासतो. या पदाला शेंडेफळ म्हणतात. निवडणूक बिनविरोध होते. उमेदवाराची संमती लागत नाही. आधीच्या शेंडेफळाने, वय एक्याऐंशी, हातातलं फडकं ग्वांगशिकच्या खांद्यावर टाकलं आणि डोळे पुसत ते भिंतीशी जाऊन बसलं.

भांड्यांखेरीज इतर किरकोळ जबाबदाऱ्या होत्या. तांदळाचं पोतं उचलणं. टीव्हीचा आवाज वाढवणं. पुन्हा वाढवणं. ह्वातूच्या पत्त्यांत नव्वदीच्या दोघांपैकी लबाडी कोणी केली याचा निवाडा देणं आणि दोघांच्याही शिव्या खाणं. शेंडेफळांच्या प्रकृतीबाबत केंद्राची पाहणी बोलकी आहे: त्यांच्यात गुडघेदुखीचं प्रमाण शून्य टक्के. दुखतात, पण त्याची नोंद होत नाही.

"ताई, गुडघा धरलाय हो," ग्वांगशिक एकदा म्हणाला.

बुनरेताईंचं वय अठ्ठ्याऐंशी. स्वयंपाकघरावर त्यांची सत्ता. "बहात्तरात कसला गुडघा? कढई घे ती!"

घरी तो केंद्राला रोज नावं ठेवायचा. सकाळी मात्र मालसुनबाईंच्या आधी उठून दाढी करायचा.

सुटकेचा मार्ग एकच होता: आपल्यापेक्षा लहान म्हातारा शोधणं. ग्वांगशिकने सगळी वसाहत पालथी घातली. वसाहतीत सत्तरीच्या आतबाहेरचे पुष्कळ होते, पण त्यांतला एकही म्हातारा नव्हता. एकाने तर 'अजून वेळ आहे मला' हे वाक्य जिन्याचा कठडा धरून, मध्ये दोनदा दम खात पुरं केलं.

अखेर हिवाळ्याच्या तोंडावर, कोबीची किमची घालायच्या सामूहिक कामाच्या आदल्या दिवशी, लिफ्टमध्ये ताक जुंगबे सापडला. बँकेतला निवृत्त अधिकारी, एकोणसत्तरीचा, बायको गेल्यापासून अकराव्या मजल्यावर एकटा. केस इतके काळे की लिफ्टमधला दिवा मंद वाटावा.

"तिथे करायचं काय असतं?" त्याने विचारलं.

"काही नाही. चहा प्यायचा, बसायचं," ग्वांगशिक म्हणाला. (हे खरंच होतं. कोणी, एवढंच त्याने सांगितलं नाही.)

दुसऱ्या दिवशी कोबीचा डोंगर, मिठाची पोती आणि ताक जुंगबे एकाच वेळी येऊन पोचले. बुनरेताईंनी त्याला एप्रन बांधला. ग्वांगशिकची बढती झाली. बांगदादांनी शेजारची, खालून तापवलेली जमीन थोपटली.

"बस आता आरामात. इथून उठायचं ते एकदमच."

पहिला अर्धा तास फार सुखाचा गेला. मग ग्वांगशिकच्या लक्षात आलं, की आपल्याला कोणी हाक मारत नाहीये. आतून बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"अरे पोरा, मीठ चोळतोयस की नोटा मोजतोयस?"

पूर्वी ही थट्टा त्याच्या वाट्याची होती. बांगदादा त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपले. थोड्या वेळाने तोही पेंगला.

काही दिवसांतच त्याची पाठ धरली. चहाचा कप उचलताना तोंडून 'आई गं' निघू लागलं. दाढी राहू लागली. मालसुनबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही एकदम म्हातारे दिसायला लागलात," आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ग्वांगशिकला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवण आटोपताच तो स्वयंपाकघरात घुसला आणि त्याने जुंगबेच्या हातातली घासणी धरली.

"सोड. माझं काम आहे ते."

"नाही सोडणार."

"अरे, पण तुला फसवून आणलंय मी!"

"माहीत आहे." जुंगबेने घासणी छातीशी धरली. साबणाचं पाणी सदऱ्यावर ओघळलं. "आई गेल्यापासून मला कोणी 'अरे पोरा' म्हटलं नव्हतं. सोडणार नाही."

प्रकरण सर्वसाधारण सभेपुढे गेलं. ग्वांगशिकने उभं राहून निवेदन केलं, की आपण खरे अडुसष्टचेच आहोत. थोरला भाऊ तान्हेपणीच वारला आणि वडिलांनी त्याचीच जन्मनोंद आपल्याला चालवली. (थोरला भाऊ ठणठणीत असून पुसानला मासळी विकतो.)

मग एक्याऐंशीचे गृहस्थ उठले आणि म्हणाले, आमच्याकडेही असंच झालं होतं. पाठोपाठ सगळेच उठले. केंद्राचं सरासरी वय सभेच्या सुरुवातीला शहाऐंशी होतं, ते चहापर्यंत चौसष्टवर आलं. बुनरेताईंनी तर आपल्यासाठी स्थळं पाहणं चालू आहे, असं जाहीर केलं.

"गप्प बसा सगळे!" बांगदादांनी निकाल दिला. "या पोराने घासायचं, त्या पोराने विसळायचं. भांडाल तर दोघांना घरी पाठवीन."

दोघं माना खाली घालून मोरीकडे गेले. आत जाताना ग्वांगशिकची पाठ ताठ होती. थोड्या वेळाने दारात काठी वाजली.

"चमचे पुसायला कोणी आहे का रे?" बांगदादांनी हळूच विचारलं.

तेव्हापासून केंद्राने प्रवेशासाठी वय विचारणं बंद केलं आहे, कारण ते कोणी खरं सांगत नाही. आता फक्त एक चाचणी घेतात. उमेदवाराला असल्याच एखाद्या केंद्राची हकिकत वाचायला देतात आणि लांबून बघत राहतात. 'काय गंमत असते एकेका म्हाताऱ्याची' असं मनाशी म्हणत जो हसला, तो पक्का.

तुम्ही मघाशी हसलात. बुनरेताई विचारताहेत, एप्रन कोणत्या मापाचा शिवू?