नानांची काळी चकती

"ही घासायची वस्तू आहे का, वहिनी?"

नाना परचुरे आमच्या दारात उभे राहून ओरडत होते. विश्रांतवाडीत निघालेला तो आवाज खडकीच्या पलटणीला सावधान करून परत आला असावा. त्यांच्या तळहातावर रुपयाएवढी चकती आरशासारखी लखलखत होती.

"डब्यात करपलेलं काहीतरी होतं," आमची ही शांतपणे म्हणाली. "तारेच्या घासणीने घासलं. गेलं."

करपलेलं नव्हतं. काळं सिलिकॉन होतं. नानांची सगळी नोकरी प्रयोगशाळेत ते बनवण्यात गेली. आज तिची वायर दुरुस्त करताना चकती जपून ठेवावी म्हणून त्यांनी ती आमच्याकडून खाऊ गेलेल्या डब्यात ठेवली, आणि शेजारधर्माला जागून डबा चकतीसकट परत केला.

"आत आलेल्याला बाहेर सोडायचं नाही," हे नानांचं पालुपद. साधं सिलिकॉन चकचकीत, बराचसा उजेड दारातूनच माघारी धाडतं. त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सुयांचं रान उठवलं, की उजेड आत शिरतो आणि दिवाळीच्या तोंडावर मार्केट यार्डात गाडी घातल्यासारखा अडकतो. म्हणून ते काळं, म्हणून सौरपट्टीला हवंसं, म्हणून त्याला मिणमिणता दिवाही कळतो. नानांनी हे मला लाख वेळा समजावलंय आणि दर वेळी मी आधीपेक्षा जास्त गोंधळलोय. त्यांच्या घरालाही हाच नियम. एकदा सुपारी खायला गेलो, तो दाढी वाढवून परतलो.

चकती त्यांच्या खिडकीत असे, समोरच्या इमारतीकडे तोंड करून. संध्याकाळी तिथल्या एका घरात दिवा लागला की चकतीला जोडलेली घंटा वाजे, गल्ली दणाणे, मग नाना चहा टाकत.

"दुसरी मिळेल हो नाना," मी म्हणालो.

"मिळेल. पण दिवेलागण झाली." नाना खुर्चीत बसले. आवाज उतरला होता. "समोर आमचा दादा राहतो. एकटाच. वडिलांच्या आरामखुर्चीवरून अबोला धरला, तो धरलाच. घंटा वाजली की कळतं, हिंडता-फिरता आहे."

"मग खिडकीतून बघा की."

"मी बघतोय हे त्याला दिसेल ना."

मला विज्ञान कळत नाही, जिना कळतो. एक उतरलो, दुसरा चढलो. दादांनी दार उघडलं. एक हात दिव्याच्या बटणावरच होता.

"नाना विचारतायत, बरे आहात ना?"

"मघापासून लावतोय, विझवतोय," दादा म्हणाले. "त्याची घंटा का वाजत नाही?"