तुमचं बरोबर आहे

पाणीपुरवठा कार्यालयातले हेडक्लार्क भाऊसाहेब यांनी एका रविवारी घरच्यांची सुरक्षा आपल्या हातात घेतली. तशी ती त्यांना कुणी दिली नव्हती. झालं होतं इतकंच की, वहिनी (म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, सगळं कार्यालय त्यांना वहिनी म्हणतं, म्हणून आपणही म्हणू) ज्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करत, तिथे बायकांसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू झाला होता आणि पहिल्याच दिवशी गृहपाठ मिळाला होता.

वर्ग घेणाऱ्या मॅडम पोलिसांतून निवृत्त झालेल्या. लाथाबुक्क्यांकडे त्या अगदी शेवटी वळणार होत्या. "आधी तोंड वापरायला शिका," असं त्यांचं म्हणणं. कुणी मागावर आहे असं वाटलं तर रिकाम्या गल्लीत शिरू नका, माणसं असलेल्या दुकानात शिरा. नुसतं 'वाचवा' ओरडू नका, त्याच्या अंगावर काय आहे ते ओरडा, म्हणजे लोकांना कळतं कुणाकडे बघायचं. मदत अख्ख्या गर्दीकडे मागू नका, एका माणसाकडे बोट दाखवून मागा. आणि घरच्यांशी एक वाक्य ठरवून ठेवा. फोनवर ते वाक्य आलं की समजायचं, बाई अडचणीत आहे आणि शेजारी उभा असलेला ऐकतोय. वाक्य साधं हवं, पण एरवी घरात कधीच बोललं न जाणारं. हे वाक्य ठरवणं म्हणजे गृहपाठ.

"वाक्य मी काढतो," भाऊसाहेब म्हणाले. सरकारी मसुदे लिहिण्यात हयात गेलेल्या माणसाला एक वाक्य म्हणजे काय! "'दूध उतू गेलं' कसं वाटतं?"

"ते आठवड्यातून तीनदा जातं," वहिनी म्हणाल्या.

"बरं, 'गॅस चालू राहिलाय'?"

"बाबा, तो तुम्ही रोजच ठेवता," कॉलेजात जाणारी लेक पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली.

"'मला बरं वाटत नाहीये'?"

"मग तुम्ही म्हणाल, गोळी घे आणि पड." (हे त्यांनी आजवर इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.)

आता लेकीने पुस्तक मिटलं. "आई, एक वाक्य आहे. तू बाबांना ते कधीच म्हणत नाहीस. 'तुमचं बरोबर आहे.'"

वहिनींनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. लग्नापासून सुरुवात केली, लेकीच्या जन्माशी जरा थांबल्या आणि आजच्या सकाळपर्यंत आल्या. "खरंच की गं," त्या म्हणाल्या.

"असं कसं कधीच नाही?" भाऊसाहेब उसळले. "फ्रिज कुठे ठेवायचा त्यावरून आपलं वाजलं होतं, तेव्हा म्हणाली नव्हतीस?"

"तेव्हा मी 'असू दे' म्हणाले होते."

दोन विरुद्ध एक अशा मतांनी वाक्य मंजूर झालं. भाऊसाहेबांनी झाला अपमान गिळला आणि परिपत्रक काढलं. विषय: आणीबाणीच्या प्रसंगी करावयाच्या कार्यवाहीबाबत. वाक्य कानी पडताच संबंधिताने (म्हणजे त्यांनी स्वतः) शांत राहावे, 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारून परिस्थिती जाणून घ्यावी, पोलिसांना कळवावे आणि तत्काळ निघावे. एक प्रत फ्रिजवर, एक खिशात, एक कार्यालयातल्या ड्रॉवरमध्ये. मग संध्याकाळी तालमी सुरू झाल्या. वहिनी आतल्या खोलीतून फोन लावून वाक्य बोलायच्या, भाऊसाहेब बाहेरच्या खोलीत शांत राहायचे. तिसऱ्या तालमीला त्यांनी 'वाक्यात थोडा भाव हवा' अशी सूचना केली आणि तालमी बंद पडल्या.

त्यानंतर तीन आठवडे काहीच घडलं नाही. मग एका मंगळवारी सकाळी वॉशिंग मशीन थाडथाड नाचायला लागलं. फरशीला उतार आहे, पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाला, असं भाऊसाहेबांचं म्हणणं. पुठ्ठ्याने काही होत नाही, मेकॅनिकला बोलवा, असं वहिनींचं. प्रकरण आवाज चढण्यापर्यंत गेलं आणि दोघंही डबे घेऊन न बोलता घराबाहेर पडले.

दुपारी चारच्या सुमाराला भाऊसाहेबांचा फोन वाजला.

"अहो," वहिनींचा आवाज खालच्या पट्टीत होता, "तुमचं बरोबर आहे."

भाऊसाहेबांनी फोन कानापासून दूर धरून नंबर वहिनींचाच आहे ना ते पाहिलं. होता. म्हणजे पुठ्ठा! त्यांचा आनंद पोटात मावेना. "काय म्हणालीस?"

"तुमचं बरोबर आहे म्हटलं." आवाज जरा अडकत होता. (पहिल्यांदाच म्हणतेय, अडकणारच, असा भाऊसाहेबांनी उदार मनाने विचार केला.)

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि आजूबाजूच्या चार टेबलांना हाताने गप्प बसवलं. "नीट ऐकू येत नाही. जरा मोठ्याने सांग."

"तुमचंच बरोबर आहे हो, अगदी बरोबर आहे! मी लॅबसमोरच्या औषधाच्या दुकानात आहे. येताय ना?"

"औषधाच्या दुकानात? डोकं दुखत असेल. सकाळी एवढा वाद घातलास, दुखणारच. गोळी घे आणि पड. आणि हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. माणूस आहे, चुकतो. मी तुला माफ केलं." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि शिपायाला सगळ्यांसाठी चहा सांगितला.

चहा आला. अभिनंदनं झाली. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाई तेवढ्या गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "साहेब, वहिनी असं नेहमी म्हणतात?"

"छे हो, कधीच नाही!" भाऊसाहेब कप उंचावून म्हणाले.

"कधीच म्हणजे?"

"कधीच म्हणजे कधीच. लग्न झाल्यापासून एकदाही नाही. अहो, म्हणून तर आम्ही ते वाक्य..."

त्यांनी कप टेबलावर आदळला. टायपिस्टबाईंनीच पोलिसांना फोन लावला, कारण परिपत्रक हातात धरून भाऊसाहेब जिन्याच्या अर्ध्यावर पोचले होते.

त्यांनी स्कूटर काढली. आयुष्यात ते इतके कधी घाबरले नव्हते. सिग्नलला थांबून त्यांनी वहिनींना चार वेळा फोन लावला. कुणी उचलला नाही. तिने तीनदा सांगितलं. तीनदा! आणि आपण तिला मोठ्याने बोलायला लावलं. 'तुला काही होऊ नये गं, मेकॅनिक बोलवतो, दोन बोलवतो,' असं ते हेल्मेटच्या आत पुटपुटत होते.

औषधाच्या दुकानासमोर गर्दी होती. पिवळा टी-शर्ट घातलेला एक धटिंगण पायरीवर मान खाली घालून बसला होता. त्याच्या एका बाजूला शेजारच्या बँकेचा वॉचमन, दुसऱ्या बाजूला दोन पोलीस. आत खुर्चीवर वहिनी पाणी पीत होत्या. दिवसभर लोकांच्या हातात न चुकता सुई घालणाऱ्या त्यांच्या हातून पाणी साडीवर सांडत होतं. ते पाहून भाऊसाहेबांना रडू आलं आणि लाजही वाटली.

झालेला प्रकार त्यांना काउंटरपाशी उभ्या असलेल्या बायकांनी ऐकवला. तो माणूस लॅबच्या फाटकापासून मागे लागला होता. वहिनींनी रस्ता ओलांडला, त्याने ओलांडला. त्या बसस्टॉपवर बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या, तोही सरकला. म्हणून त्या दुकानात शिरल्या, तर तो कोपराला खेटून उभा राहिला आणि वर विचारतो, 'कुणाला फोन करतेस?'

"फोनचा काही उपयोग झाला नाही," त्यातल्या एक मावशी म्हणाल्या. "मग मात्र बाईंनी असा आवाज लावला! 'पिवळा टी-शर्ट, मागे हो!' सगळे वळलेच. लगेच काउंटरवरच्या चष्मेवाल्यांकडे बोट केलं, 'तुम्ही, पोलिसांना बोलवा!' तो पळायला लागला, पण आम्ही दार अडवलं." मग मावशींनी भाऊसाहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"मी यांचा नवरा."

मावशींनी वहिनींकडे पाहिलं. "गोळीवाले?"

वहिनींनी मान डोलावली. बायकांनी भाऊसाहेबांना वाट दिली, पण फार नाही.

"लागलं नाही ना तुला कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. घाबरले होते फार." वहिनींनी पेला खाली ठेवला. "आता नाही."

जबाब द्यायला सगळे पोलीस ठाण्यात गेले. एक महिला पोलीस शब्द न् शब्द लिहून घेत होत्या आणि त्या पिवळ्या टी-शर्टला आतल्या खोलीत नेलं होतं. कार्यालयात रोज दुसऱ्यांकडून खुलासे मागवणारे भाऊसाहेब बाकाच्या टोकावर अंग चोरून बसले होते.

"दुकानात शिरल्यावर तुम्ही काय केलं?"

"मिस्टरांना फोन केला. अडचणीच्या वेळी बोलायचं आमचं एक वाक्य ठरलेलं आहे. ते बोलले."

"किती वेळा?"

"तीन वेळा."

"मग मिस्टरांनी काय केलं?"

वहिनींनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. विचारलंय तेवढंच आणि घडलंय तसंच सांगायचं, एवढा एकच हिशेब त्यावर दिसत होता.

"त्यांनी मला माफ केलं," त्या म्हणाल्या.

महिला पोलिसांचं पेन थांबलं. "असंच लिहू?"

"असंच लिहा."

संपूर्ण जबाबात भाऊसाहेबांच्या कामगिरीबद्दल तेवढं एकच वाक्य आलं. ते सरकारी कागदावर कायमचं गेलं, आणि वरील मजकूर खरा असल्याबद्दल खाली साक्षीदार म्हणून सही त्यांचीच घेण्यात आली.