उन्हात रुसलेला खडा

निवृत्तीने पंचवीस वर्षं लासलगावच्या मार्केटात कांदा निवडला होता. त्यामुळे कुठलीही वस्तू कोंडून ठेवली की सडते, हे त्याचं ठाम मत. सायखेड्याच्या घरात लेकीच्या टेबलावर घट्ट झाकणांच्या चार बाटल्या दिसल्या आणि त्याचा जीव कासावीस झाला. बाटल्यांत एकेक काळा खडा होता. निकिताने पीएच.डी.साठी ते आठ महिने खपून बनवले होते आणि उद्या ते तपासायला पुण्याच्या यंत्रावर तिचा नंबर होता.

ती झेरॉक्सला गेली तशी निवृत्तीने झाकणं उघडून खडे ओट्यावर हवेशीर मांडले. निवडणाऱ्याचा हात तो, गप्प कसा बसेल? पोरगी लोखंडाच्या चुंबकत्वावर काम करते, एवढं त्याला ठाऊक होतं. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणून त्याने खडे पारखले. तीन टपकन चिकटले. चौथा ढिम्म.

"घाईत पोरीनं दगड भरला वाटतं. उद्या हसं झालं असतं," म्हणत त्याने तो अंगणात भिरकावला. अंगणात परवाच ट्रॅक्टरसाठी खडी टाकलेली होती.

निकिता परत आली आणि ऐकून अंगणाकडे धावली.

"आप्पा, तोच तर अस्सल! एर्बियम धातू आणि नुसतं लोखंड. बाकीच्यांत थोडं लोखंड काढून त्या जागी ॲल्युमिनियम घातलंय."

"मंग भेसळीचं चिकटतंय अन् अस्सल नाय?"

"ॲल्युमिनियममुळे ते उन्हातही चुंबकाला धरून राहतात. अस्सल खडा तापला की सोडून देतो. आज चाळीस डिग्री आहे!"

बापलेक आणि निवृत्तीची बायको सुमनबाई, तिघं भर दुपारी खडीत गुडघ्यांवर बसली. काळ्या खड्यांत काळा खडा.

"चुंबक फिरवू का?" निवृत्तीने भीत भीत विचारलं.

"चिकटत नाही म्हणूनच फेकलात ना?" निकिताला रडू फुटलं. निवृत्तीला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सुमनबाई उठली आणि फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. "तापल्यावर सोडतो, तर गार केल्यावर धरंल की! ह्यांचं बी तसंच हाय."

ती गार पाणी ओतत निघाली, मागून निवृत्ती चुंबक फिरवत. शेजारचे कोंडाजी कुंपणापाशी थबकले. "निवृत्तीभाऊ, खडीला पाणी? उगवंल का?"

तेवढ्यात टक्‌ आवाज झाला. खडा चुंबकाला बिलगला होता. निवृत्तीने तो धोतराच्या सोग्याने पुसून लेकीच्या हातावर ठेवला. "आता हात नाय लावणार," तो म्हणाला.

सकाळी सिन्नरच्या पुढे एसटीत निकिताने खात्रीसाठी बाटल्या काढल्या. खडे जागेवर होते. फक्त प्रत्येक झाकणाला दाभणाने तीन तीन भोकं पाडलेली होती.