फाटकाबाहेरचा मास्तर

उभी हयात मी पोरांना वर्गात बसवून ठेवलं आहे. पन्नास-पन्नास पोरं! तेव्हा दीड वर्षाच्या एकुलत्या एका नातीला एका खोलीत सांभाळणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

सूनबाई सोमवारपासून कामावर जाणार होती. तिची अट एकच. "बाबा, खोलीबाहेर लगेच जिना, आणि ठकीच्या पायाला भिंगरी. दाराला धड फाटक बसलं तर ठकी तुमच्याकडे, नाहीतर पाळणाघरात."

माझी ठकी आणि पाळणाघरात? मी तडक दुकान गाठलं.

"आडव्या पट्ट्यांचं घेऊ नका, काका," दुकानदार म्हणाला. "पोर शिडीसारखं चढतं. उभ्या गजांचं घ्या. आणि जिना जवळ आहे ना? मग भिंतीत स्क्रूनेच बसवा. नुसतं दाबून बसवलेलं निखळतं."

"आणि खिटी?"

"आधी दाबायची, मग उचलायची. लहानांना जमत नाही. ती बाहेरच्या..."

"समजलं, समजलं!" म्हणत मी फाटक काखोटीला मारलं.

बसवलं ते असं पक्कं, की हत्तीने धडक दिली असती तर हत्तीलाच टेंगूळ आलं असतं!

"अहो, खिटी आतल्या बाजूला आली की!" आमची ही म्हणाली.

"फळ्याचं तोंड वर्गाकडेच असतं!" मी ठणकावलं. ती कपाळावर हात मारून बहिणीकडे निघून गेली.

शनिवारी परीक्षा. सूनबाई बाजारात गेली. ती परत येईल तेव्हा ठकी फाटकाच्या आत दिसायला हवी होती. बस्स!

ठकीने पहिलं काम काय केलं? चेंडू फाटकावरून बाहेर भिरकावला. मी तो आणायला बाहेर आलो आणि मागे फाटक... खट्! ठकी आत, मी बाहेर, खिटी तिच्याकडे!

वरून हात घातला, तर बोटं वीतभर कमी पडली. गजांमधून घातला, तर पंजाच आत जाईना. टांग टाकायचं मनात आणलं, तर दोन्ही गुडघ्यांनी तो ठराव एकमताने फेटाळला. ठकीला वाटलं, आजोबांना पिंजऱ्यात ठेवलंय. तिने दयेपोटी गजांमधून मला एक मोजा दिला. मग अर्धं चावलेलं बिस्किट.

"ठकूताई, बिस्किट नको. खिटी दाब."

"नाई!"

"बरं, आजोबा कसं दाबतात बघ." मी हवेत अंगठा दाबला. तिने माझं नाक दाबलं.

"शाब्बास! आता तस्संच खिटीला."

चिडायचं नाही, हे माझं ब्रीद. शिकवणाऱ्याने धीर सोडला की शिकणारा पाटीच सोडतो. मी पुन्हा दाबून दाखवलं, उचलून दाखवलं, गाऊन दाखवलं. तिने मला दुसरा मोजा दिला.

इतक्यात जिन्यावर सूनबाईच्या चपला वाजल्या. ती वरच्या पायरीवर पोचते न पोचते तोच ठकीने जीभ बाहेर काढली, दोन्ही हातांनी खिटी दाबली, उचलली आणि फाटक उघडून ऐटीत बाहेर आली!

"पाहिलंस?" मी ठकीला उचलून नाचलो. "एका बैठकीत शिकली! अगं, कुठल्याच पोराला जमत नाही म्हणे!"

सूनबाईने फाटकाकडे पाहिलं. मग ठकीकडे. मग माझ्या हातातल्या मोज्यांकडे.

"पाहिलं, बाबा," ती म्हणाली आणि पिशवी खाली न ठेवताच तिने पाळणाघराला फोन लावला.

सोमवारी संध्याकाळी आम्ही दोघं ठकीला आणायला गेलो. पाळणाघराच्या बाई दारातच उभ्या होत्या. मागे सगळी पोरं अंगणभर उधळलेली!

"या मुलीला फाटक उघडायला शिकवलं कुणी?"

मी हात वर करणारच होतो. पण आमच्या हिने तो घट्ट धरून ठेवला.