एवढ्या लांबचं तिकीट

"खिडकी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये!" बुटाची नाडी करकचून आवळत तिकीटमास्तरांनी जाहीर केलं. "उभं आयुष्य खिडकीत काढलंय मी. कुठली रांग हलणार आणि कुठली अडणार, ते नुसत्या वासावरून सांगतो. चहाच्या वेळेआत लेकीचा प्रवेश घेऊन परत येतो की नाही बघ!"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "मागे दवाखान्यातही असंच म्हणाला होतात. दात दाखवायला गेलात आणि चष्मा घेऊन आलात."

"पण ती रांग भराभर हलत होती की नाही?"

तिकीटमास्तर बस आगारात लांब पल्ल्याच्या गाड्यांची तिकिटं विकत आणि त्यांचं जग सरळ होतं. जितकं लांब, तितकं महाग. ज्याच्याकडे सुटे नाहीत, त्यानं बाजूला व्हावं. आणि रिकामी गाडी उभी दिसली, की भरल्याशिवाय सोडू नये. एवढ्या भांडवलावर त्यांनी नोकरी केली, संसार केला आणि लेकीला बारावी पास करून दाखवलं.

तिचं पुढचंही त्यांनी ठरवून टाकलं होतं. कॉमर्स! पदवी हातात पडली की आगाराच्या हिशेब कार्यालयात जागा निघणारच होती. तिथल्या साहेबांच्या कानावर त्यांनी घालूनही ठेवलं होतं. विद्यापीठ सरकारी, फी आवाक्यातली. फक्त प्रवेशाचा आज शेवटचा दिवस होता.

"बाबा, मला जरा बोलायचं होतं," लेक दारात चप्पल घालता घालता म्हणाली.

"रांगेत बोलू. रांगेत माणसाला वेळच वेळ असतो."

विद्यापीठाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि मास्तरांची मान जी मागे गेली, ती मागेच राहिली. बापरे! खांब असे, की दोघांनी मिळून कवेत घ्यावेत. पायऱ्या एवढ्या रुंद, की आगारातल्या गाड्या आडव्या लावाव्यात! आणि त्या दगडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, जुन्या उशीसारख्या.

"एवढी माणसं शिकून गेली इथून?" मास्तर पुटपुटले आणि नकळत त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

प्रवेशाच्या दालनात खिडक्या भरपूर होत्या, पण उघडी एकच. सगळ्या शाखांना मिळून! रांग खांबांना वळसे घालत दारापर्यंत आली होती. बापलेक तिच्या शेपटाला लागले. लेकीनं पुन्हा "बाबा, ते मगाचचं..." असं सुरू केलं, तेवढ्यात रांग थांबली. थांबली म्हणजे अगदी मेल्यासारखी!

"कारकून चहाला गेले," पुढून बातमी आली.

"ऐन गर्दीत चहा?" मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू जागा धर. मी बघून येतो."

खिडकीच्या बाजूचं दार सताड उघडं होतं. आत खुर्ची रिकामी. समोर काच, काचेला अर्धगोल भोक आणि भोकापलीकडे माणसंच माणसं! मास्तर बसले. खरं म्हणजे ते नाही बसले, त्यांचं शरीर बसलं. मास्तरांना ते जरा उशिरा कळलं.

"साहेब, कागदपत्रं कुठे तपासायची?" एका आईनं भोकातून विचारलं.

खिडकीत बसून "माहीत नाही" म्हणण्यापेक्षा माणसानं राजीनामा द्यावा, असं मास्तरांचं मत होतं. त्यांनी समोर पाहिलं. दालनाच्या पलीकडे भलंमोठं दुहेरी दार उघडं होतं. आत बाकांच्या ओळीच्या ओळी, आणि एकही माणूस नाही. रिकामी गाडी!

"समोरच्या दारानं आत बसून घ्या!"

"आणि फी?"

"आतच!"

"वसतिगृहाचं?"

"तेही आत! चला, पुढे सरका, मागची बाकं मोकळी आहेत! दारात उभं राहू नका! सामान मांडीवर घ्या!"

पुढचा हलला की मागच्यानं विचार करायचा नसतो, हा रांगेचा धर्म. बघता बघता रांग त्या दारात अशी शिरली, जसा बिळात साप. शेवटी लेकीची वेणीही आत दिसेनाशी झाली. "अगं, तू नाही!" मास्तर काचेवर थापा मारत ओरडले, पण त्या गलक्यात ऐकतो कोण!

तेवढ्यात कारकून कप घेऊन परतले. त्यांनी खुर्ची पाहिली, मग रिकामं दालन पाहिलं.

"माझी रांग कुठाय?"

"गेली. गाडी फुल्ल झाली."

"कसली गाडी? कोण तुम्ही?"

"मी... आगारातून आलोय."

कारकुनांनी पलीकडच्या दाराकडे बघितलं आणि कप बशीत आदळला. "अहो, तिथे खगोलशास्त्राच्या बाईंचं व्याख्यान आहे! नव्या मुलांसाठी दर वर्षी ठेवतात. चार जण येतात, त्यातले दोन पंख्यासाठी! इकडे खिडकी पाचला बंद होते. एवढ्या पोरांचे प्रवेश बुडाले तर कुणाच्या नावानं खडे फोडायचे?"

बुडणाऱ्यांत त्यांची लेकही होती! दोघं धावत सुटले. "सगळ्यांना बाहेर काढतो," म्हणत कारकुनांनी दार लोटलं, तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

आत काळोख होता आणि छत नाहीसं झालं होतं. त्याच्या जागी तारे होते. इतके तारे, की मोजायचा विचार मनात यायलाच माणूस लाजावा! खाली, छतावर तारे पाडणाऱ्या यंत्राशेजारी, एक ठेंगणी बाई स्टुलावर उभी होती. आयुष्यात प्रथमच भरलेली बाकं पाहून तिचा आवाज चढला होता.

"हा पुसटसा ठिपका," बाई म्हणत होत्या, "हा एक तारा नाही, ताऱ्यांचं अख्खं गाव आहे. रात्री तो खरा बघाल, तेव्हा त्याचा उजेड तुमच्या डोळ्यांत शिरेल. तो तिथून निघाला ना, तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता. तेव्हापासून तो चाललाय. आणि उतरणार कुठे? तुमच्या डोळ्यांत."

कारकुनांच्या हातात चहा गार होत राहिला.

"आणि... गाडीनं जायचं म्हटलं तर?" अंधारातून कुणीतरी विचारलं. आपणच विचारलं, हे मास्तरांना सगळे हसल्यावर कळलं.

बाई मात्र हसल्या नाहीत. "जवळात जवळचा तारा घेतला, तरी आजच्या वेगवान यानाला हजारो वर्षं लागतील."

"मधे थांबे?"

"एकही नाही."

"पाण्यापुरतासुद्धा?"

"पाण्यापुरतासुद्धा नाही."

मास्तर मटकन पायरीवर बसले. विनाथांबा! हजारो वर्षं! आणि आपण रात्रभराच्या गाडीला लांब पल्ल्याची म्हणत होतो! त्यांनी लेकीला शोधलं. ती शेवटच्या बाकावर होती. तिची मान मागे गेली होती, ती मागेच राहिली होती.

दिवे लागले तेव्हा पाच वाजत आले होते. "मेलो!" कारकून किंचाळले. पण बाई स्टुलावरून उतरल्या आणि थेट खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "शेवटचा प्रवेश होईपर्यंत ही बंद करायची नाही. वरच्या साहेबांना मी सांगते. माझा वर्ग भरलाय आज!"

रांग पुन्हा लागली, आणि शेवटचं बाक दाराला लागून असल्यानं बापलेकीचा नंबर लवकर आला. कारकुनांनी मास्तरांकडे जळजळीत पाहिलं. "शाखा?"

"कॉमर्स," मास्तर म्हणाले.

"विज्ञान," लेक म्हणाली. "पुढे खगोल."

"अगं!"

"घरातून निघाल्यापासून हेच सांगत होते, बाबा. तुम्ही म्हणालात रांगेत बोलू, आणि तुम्हीच रांग सोडून गेलात. मी गप्पच बसणार होते. पण आत बसून घ्या म्हणून ओरडलं कोण?"

मास्तरांनी हुकमी पान काढलं. "आणि खर्च? किती लांबचं काम आहे ते ऐकलंस ना आत्ता? सांगा हो हिला, फी किती!"

कारकुनांनी आकडा सांगितला.

"ती कॉमर्सची झाली. मी आकाशाची विचारतोय."

"तेवढीच."

"तेवढीच?"

"सरकारी विद्यापीठ आहे. शाखा कुठलीही घ्या, फी एकच."

"अहो, शेजारच्या गावाला आणि ताऱ्याला एकच भाडं?"

"एकच!"

मास्तरांचं उभं आयुष्य त्या अर्धगोल भोकापाशी डळमळलं. त्यांनी मागे वळून ते खांब पाहिले, दारापलीकडच्या झिजलेल्या पायऱ्या पाहिल्या. एवढ्या लांबची गाडी, एवढ्या भाड्यात, इतकी वर्षं कोण सोडत असेल? त्यांनी आतल्या खिशातून नोटा काढल्या.

"एक द्या."

"एक काय?"

"लांबचं. परतीचं नको."

कारकुनांनी नोटा मोजल्या. त्यांची रांग पळवली गेली होती, चहा गार झाला होता. पण आता त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"सुटे द्या."

मास्तरांनी सदरा चाचपला. पँट चाचपली. लेकीकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

"सुटे... नाहीत."

"मग बाजूला व्हा!" कारकून अगदी चवीनं म्हणाले. "चला, पुढचा कोण?"

आणि आकाशाच्या भाड्याच्या नोटा मुठीत धरून तिकीटमास्तर रांगेच्या कडेकडेनं विचारत निघाले, "काय हो, कुणाकडे सुटे आहेत का?"