घट्ट की पातळ?

माणसाच्या काळजाचं भवितव्य त्याच्या जन्माआधीच, आईच्या कढईत ठरतं. हा सिद्धान्त वसमतच्या आमच्या गल्लीत भुजंगकाका मांडत, आणि मांडण्यासाठी लोकांच्या डोहाळजेवणात शिरत. खरं तर तो सगळा बायकांचा कारभार. पण हिरव्या साडीतल्या लेकीसुनेची ओटी भरली जात असताना काका थेट स्वयंपाकघरात जात, कढईतलं बोटाला लावून हुंगत आणि बाहेर येऊन न्यायाधीशाच्या आवाजात विचारत, "घट्ट की पातळ?"

घट्ट म्हणजे वनस्पती तूप. पातळ म्हणजे करडीचं तेल. घट्ट निघालं की व्याख्यान सुरू.

"जे थंडीत डब्यात गोठतं, ते लेकराच्या नळ्यांत बी गोठतं. बराबर हाय का? तुमी लेकरू वाढवून राहिले का नाली बुजवून राहिले?"

गाणी थांबत. एकदा एक विहीणबाई वैतागून म्हणाल्या, "भुजंगराव, तुमालाच बसवू का पाटावर, हिरवी साडी नेसवून?"

"बसतो. पण पुऱ्या करडीच्या तेलात तळा."

काका निवृत्त ग्रामसेवक. उभी नोकरी गावोगाव संडास आणि कुटुंबनियोजन समजावण्यात गेलेली. कुणी ऐकत नाही याची त्यांना सवय होती.

सिद्धान्ताच्या मुळाशी फारसा अभ्यास नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा सुधाकर पस्तिशीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. कसलं व्यसन नाही, आजार नाही. "काहून गेला?" असं काकांनी नांदेडच्या डॉक्टरला विचारलं. डॉक्टर घाईत होते. "आईनं गरोदरपणी काय खाल्लं, तिथपासून कारणं असतात," एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. ते विसरलेही असतील. काका विसरले नाहीत. कारण सुधाकरच्या वेळी पार्वतीकाकूंना दिवस गेले, तेव्हा नव्या नोकरीच्या तोऱ्यात त्यांनीच नांदेडहून वनस्पती तुपाचा मोठा डबा आणला होता. करडीचं तेल काय, कुणाच्याही घरी असायचं. डबा ही प्रतिष्ठा होती. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून काकांना कुणी हाकलत नसे.

मग आमच्याकडे डोहाळजेवण निघालं. माझी बायको मंगल पाटावर बसलेली, काका रंगात आलेले. "सूनबाई, आईनं खाल्लेलं लेकराला भोगावं लागतं," ते म्हणाले आणि काकूंकडे नजर जाताच अडखळले.

काकू कोपऱ्यात गजरा करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ते तूप म्या खाल्लंच न्हाई."

"काय?"

"वास यायचा. पोटात टिकत नव्हतं. तुमी हौसेनं आणलेलं, म्हणून बोलले न्हाई. डबा शेजारच्या शांताबाईला दिला. तिला बी दिवस गेलेले. तिला लई आवडायचं."

"समदा?"

"समदा. म्या माहेरचं करडीचंच खाल्लं."

आरोपी निर्दोष सुटला होता. पण सुटलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. इतकी वर्षं काकांकडे निदान एक कारण होतं.

"मग आपला सुधाकर काहून गेला?"

"गेला," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचं फूल उचललं.

त्या खरं बोलल्या की नवऱ्याला सोडवत होत्या, मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी हळदीचा भाव बघायला मी मोंढ्यात गेलो, तर काका तिथे. समोर दत्ता हमाल. शांताबाईचा, सुधाकरच्याच वयाचा. त्या वेळी पोटात होता तो हाच. काकांनी त्याच्या छातीवर तळवा टेकवला. म्हाताऱ्याला घेरी आली असं वाटून दत्ताने त्यांचा खांदा धरला.

"काका, तकलीफ होऊन राहिली का?"

"न्हाई. तू हलू नको."

बाकीचे हमाल थांबून बघायला लागले. काका डोळे मिटून, तळवा तसाच ठेवून उभे होते. शेवटी म्हणाले, "बराबर चालू हाय." आणि हात काढायचा विसरले.

दत्ताने तो हळूच काढला, त्यांना सावलीला बसवलं, विझलेली बिडी पुन्हा पेटवली आणि क्विंटलभर हळद पाठीवर घेऊन निघून गेला.