आधी आतल्या शिवणीवर

"त्या पार्लरवाल्यांना माझ्यापेक्षा काय जास्त येतं? रंग उतरवणं हाच तर माझा धंदा!"

थोरली हे आरशाला सांगत होती, कारण शनिवारच्या त्या दुपारी घरात दुसरं कोणी जागं नव्हतं. लॉन्ड्रीत ती डाग काढायची. शाई असो, गंज असो, लिपस्टिक असो, त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नाही, हे मालकसुद्धा कबूल करायचा. फक्त पगारवाढीच्या दिवसांत नाही!

पण खरं दुखणं वेगळंच होतं. गेल्या रविवारी धाकटी जाऊ महागड्या पार्लरमधून सोनेरी बटा करून यांच्याकडे जेवायला आली. आणि थोरलीचा नवरा, ज्याने बायकोने लांबसडक केस खांद्यापर्यंत कापले तेव्हा चार दिवसांनी "तुला बरं नाही का?" एवढंच विचारलं होतं, तो घास हातात धरून म्हणाला, "वा! छान दिसतायत हं!"

वा! वर छान! आणि त्याच्याही वर हं! लग्नाला इतकी वर्षं झाली, थोरलीच्या वाट्याला यातलं एक अक्षर आलं नव्हतं. तेव्हापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं, ते कशाने थांबेना. धाकटीचा फोन आला की जळफळाट, धाकटीचा फोटो दिसला की जळफळाट! उद्या सासूबाईंचा वाढदिवस, सगळ्यांचा एकत्र फोटो निघणार. त्याआधी नवऱ्याच्या तोंडून "छान" ऐकायचंच, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पार्लरचा भाव ऐकूनच तिला घाम फुटला होता. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून केस उजळवायच्या पावडरीची सगळ्यात स्वस्त पुडी आली. वाटीत ती कालवली, जुना टूथब्रश घेतला.

आता लॉन्ड्रीतला पहिला नियम असा, की औषध एकदम कपड्यावर ओतायचं नाही. आधी आतल्या शिवणीवर, जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथे, थेंबभर लावून बघायचं. पण डोक्याला आतली शिवण कुठून आणायची? थोरलीने खोलीभर नजर फिरवली. पलंगावर नवरा पालथा पडून घोरत होता. मानेवर दाट केसांचं जंगल! तिथे कोणाचं लक्ष जाणार? त्याचं स्वतःचंही जाणार नव्हतं!

तिने अलगद चार फटकारे मारले.

"डास आहे का गं?" तो झोपेतच पुटपुटला.

"मारला मी. झोपा तुम्ही."

थोड्या वेळाने ओल्या फडक्याने पुसलं, तर थोरलीचे डोळेच दिपले. काय तो रंग! धाकटीच्या बटा झक मारतील! मग काय, उरलेली अख्खी वाटी तिने स्वतःच्या डोक्यावर थापली.

केस धुऊन ती आरशासमोर आली आणि अशी किंचाळली की शेजाऱ्यांनी खिडकी उघडली. मुळाशी पिवळट, मधे गाजरासारखे केशरी आणि टोकाला होते तसेच काळेकुळकुळीत! पावसात पडलेला पत्रा बरा!

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्याच्या केसांना जन्मात रंग लागला नव्हता. आणि तिच्या केसांवर वर्षानुवर्षांचे काळ्या डायचे थर! कोऱ्या कापडावर चाचणी घेऊन तिने औषध रंगवलेल्या कापडावर ओतलं होतं. लॉन्ड्रीत दुसऱ्या कोणी असं केलं असतं, तर हिनेच त्याला फैलावर घेतलं असतं.

नवरा धडपडत आला. थोरलीने शेवटची आशा म्हणून विचारलं, "अहो, कसे दिसतायत?"

त्याने डोळे चोळले. "कोणी केलं गं तुला हे?"

दुसऱ्या दिवशी ती धाकटीकडे वाढदिवसाला गेली ती डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून.

"वहिनी, एवढ्या उकाड्यात स्कार्फ?" धाकटीने दारातच विचारलं.

"थंडी वाजतेय मला," घामाने निथळत थोरली म्हणाली.

तेवढ्यात नवरा चपला काढायला वाकला आणि धाकटी ओरडली, "अय्या! दादा, हे कुठे केलंत? काय शेड आहे! माझ्या पार्लरवालीने मला फसवलंच!"

"काय कुठे केलं?" तो गोंधळला. धाकटीने त्याच्या मानेचा फोटो काढून त्यालाच दाखवला. तो बघतच राहिला. सासूबाईंनी चष्मा लावून लेकाची मान निरखली. "लहानपणी अस्साच दिसायचा हो माझा बाळ!"

सगळं कौतुक चाललं त्या मानेचं! थोरलीला राहवेना. "मी केलं ते! मी! घरच्या घरी!"

"खरंच?" धाकटीचा चेहरा पडला. थोरलीला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण पुढच्याच क्षणी धाकटी म्हणाली, "मग तुमचेही केले असतील ना! दाखवा की, वहिनी!"

"थंडी वाजतेय, सांगितलं ना!"

फोटो निघाला. त्यात सगळे समोर बघतायत, नवरा तेवढा पाठमोरा. आणि कडेला स्कार्फवाली.

घरी परतताना एका दुकानाच्या काचेपुढे तो थांबला. "वा!" तो म्हणाला. "छान झालंय हं!"

थोरलीचा जीव सुपाएवढा झाला. आले! तिन्ही शब्द आले! लाजून तिने स्कार्फ सारखा केला आणि हळूच वर पाहिलं. नवरा मान वाकडी करकरून स्वतःचाच मागचा भाग काचेत बघत होता.

"अगं, पुढूनही असंच करून देशील?"

"पुडी संपली," थोरली म्हणाली आणि त्याच्या पुढे चालू लागली.